पंगत उठायची नाही

जाड माणसाचं अंग ही सार्वजनिक मालमत्ता असते. एसटीची सीट कुणाचीच नसते म्हणून जशी सगळ्यांची असते, तसंच. येणारा-जाणारा चाचपून बघतो, मत देतो आणि उतरून जातो. दीपाली एसटीतच कंडक्टर होती, संभाजीनगर-गंगापूर गाडीवर, त्यामुळे तिला हे दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. गर्दीतून ती आडवी होऊन सरकायला लागली की कुणीतरी हमखास विचारायचा, "मॅडम, तुमचं तिकीट दीड लागतं का?" आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात मागं वळून दाद मागायचा. दीपाली तिकीट त्याच्या हातात ठेवायची आणि पुढं सरकायची. गाडीत भांडता येत नाही. भांडलं तर तक्रार होते, आणि त्या तक्रारीत तो काय बोलला हे येत नाही, कंडक्टर उद्धट होती एवढंच येतं.

सल्ले तर फुकटच. मुकुंदवाडीतल्या तिच्या गल्लीत एक घर असं नव्हतं जिथून जिरं-पाणी, कारल्याचा रस नाहीतर पोट कमी करण्याचा व्हिडिओ आला नसेल. "तोंडावर ताबा ठेवावा माणसानं," असं म्हणणाऱ्या बाईच्या हातात त्याच वेळी भज्यांची बशी असायची. दीपालीनं ताबा ठेवून पाहिला नव्हता असं थोडंच होतं? भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून रेल्वे स्टेशनापर्यंत चालली. वजन उतरायचं आणि पुन्हा जास्तीचं घेऊन परत यायचं. भूक मात्र जागची हलायची नाही. जेवून हात धुतानासुद्धा लागलेली असते अशी भूक ज्यांना कधी लागलीच नाही, त्यांनी ताब्याच्या गोष्टी करू नयेत. पण करतात तेच.

पुढं साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, झोपेत श्वास अडकायला लागला. मग एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर उजमांसमोर जाऊन बसली. डॉक्टरांनी चित्र काढून ऑपरेशनचे प्रकार समजावले. एकात जठराचा मोठा भाग कापून टाकतात. दुसऱ्यात आतड्याची वाट वळवतात. तिसऱ्यात कापाकापी नाही. जठराच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा बांधायचा, म्हणजे वर एक लहानशी थैली होते आणि ती थोड्याच घासांत भरते. पट्ट्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या डबीला जोडलेली. डबीत सुईनं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैलावतो.

"आजकाल हा पट्टा फारसं कुणी बसवत नाही," डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. "वजन हळू उतरतं. पट्टा कधी सरकतो, कधी काढावा लागतो. तपासायला येत राहावं लागतं. आणि जेवायची सवय बदलायची मेहनत सगळी तुमची."

"पण कापायचं काही नाही?"

"नाही."

"मग हाच. पोट माझंय, सगळं राहू द्या. फक्त दार लहान करा."

नवऱ्याला तिनं घरी येऊन सांगितलं, विचारलं नाही. अभय चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि माणूस वाईट नव्हता. चार लोकांत आपलं हसं होऊ नये एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी होती. ती पुरवायचं काम मात्र त्यानं बायकोकडं दिलेलं होतं. "बघ बाई तुझं तू," तो म्हणाला, आणि ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बिचारा दिवसभर बसलाही.

त्यानंतरचं जगणं म्हणजे पुन्हा नव्यानं जेवायला शिकणं. आधी नुसती पातळ पेज, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी. घास नखाएवढा घ्यायचा, त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा, गिळायचा आणि थांबायचं. जेवताना पाणी नाही. घाई तर मुळीच नाही. एकदा गाडी सुटायची वेळ झाली म्हणून गंगापूरच्या स्टँडवर तिनं भाकरीचा तुकडा तसाच गिळला. ढोरेगाव येईपर्यंत तो छातीत असा रुतून बसला की तोंडातली लाळसुद्धा खाली उतरेना. गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला तिनं तो तुकडा बाहेर काढला. सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. "कितवा म्हैना हाय गं माय?" एका म्हातारीनं मायेनं विचारलं. दीपालीनं तोंड पुसलं आणि डबल बेल मारली.

हळूहळू अंगावरची वर्दी सैल झाली. गुडघे गप्प झाले, साखरेची गोळी निम्म्यावर आली. आणि लोक? लोक आता नव्या तोंडानं बोलायला लागले. ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणायचे, "काय गं, आजारी का?" ज्यांना ठाऊक होतं ते म्हणायचे, "ऑपरेशन करून काय, कुणीपण बारीक होईल." हे ऐकलं की दीपालीच्या मस्तकात तिडीक जायची. कुणीपण? मग व्हा ना! आठ दिवस नखाएवढ्या घासावर काढून दाखवा. समोर बिर्याणीची परात, शेजारी जेवणारे दहाजण, आणि आपण वाटीतली खिचडी चावत बसलोय, असा एक तरी दिवस काढा आणि मग बोला. जाड होती तेव्हा आळशी, बारीक झाली तर लबाड. बाईनं नक्की कोणत्या मापाचं व्हावं हे एकदा ठरवून तरी सांगा.

अशात यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. तीनेक वर्षांनी येणारी ही जावयांची दिवाळी. सासुरवाडीनं लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. दीपालीचं माहेर सोयगावकडच्या एका खेड्यात. वडील त्रिंबक यांची मेंढरं होती, आता थोडी राहिलीत. आई राजाबाई, सगळं घर तिच्या हातावर चाललेलं. तिचा फोन आला तेव्हा दीपाली डेपोत होती.

"दीपे, जावईबापूंनी सांगितलं मला समदं," राजाबाई म्हणाली. "त्यातलं पाणी काढलं की पट्टा ढिला व्हतो म्हणं. दोन दिसांपुरता ढिला करून ये की माय. माघारी गेली की घे पुन्हा आवळून."

"माय, तो काय परकराचा नाडा हाय का?"

"तसं नाय गं. पर मी एवढं रांधायचं आन माझ्या लेकीनं ताटावरून नुसतं बोट फिरवायचं? धोंड्याचा घास लेकीनं टाकला तर अपशकून म्हणत्यात. पुंजाराम भावजी बी येणारेत. ते काय बोलतील ठाऊक हाय ना?"

ठाऊक नसायला काय झालं! पुंजाराम काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भावकीतली कुठलीही पंगत त्यांच्याशिवाय बसत नसे आणि उठत तर मुळीच नसे. शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हा त्यांचा कायदा. दीपाली दहा वर्षांची असताना अशाच एका पंगतीत सगळ्यांची जेवणं झाली होती आणि ही एकटी, पुरणपोळीचा तुकडा दुधात बुडवून, चवीचवीनं खात बसली होती. काकांनी वळून बघितलं आणि भर मांडवात आवाज टाकला, "ह्या म्हशीपायी पंगत वाळली की रं समदी! राजाबाई, उचल हिला." लोक खो खो हसले. राजाबाईनं येऊन तिला दंडाला धरून उठवलं. हातात निम्मी पोळी, गालावर दूध.

गिळायला ती त्या दिवशी शिकली. कुणाच्याही मागं राहायचं नाही, कुणाला आपल्यासाठी थांबू द्यायचं नाही. चावायचं नाही, चाखायचं नाही, भराभर आत ढकलायचं. पोट भरलं हे पोटाला कळायच्या आत ताट रिकामं. मग काकांना नवा खेळ सापडला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत ते ओळीच्या त्या टोकावरून ओरडायचे, "दीपे, किती झाल्या गं?" आणि आता त्याच काकांसमोर पोटभर खाऊन दाखवायला तिनं पट्टा सैल करायचा होता!

रात्री अभयला तिनं जाब विचारला. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, शनिवारची वेळ घेतलीय मी डॉक्टरांची."

"कसली वेळ?"

"पाणी काढायची. दहा मिनिटांचं काम. मग वाटलं तर पुन्हा भरू."

"माझ्या पोटाची वेळ तुम्ही घेतली? मला न विचारता?"

"चिडतेस काय? मी पाटावर बसणार, लोक मला आग्रह करणार, आणि शेजारी तू आजाऱ्यासारखी चमचा चाटत बसणार. लोक म्हणतील, हा बायकोला खाऊ देत नाही. माझी काही किंमत राहील का तिथं?"

दीपालीनं दिवा मालवला. संताप झाला होताच, पण खोटं कशाला बोला, मोहही झाला होता. मायच्या हातचे धोंडे. तुपात तळलेले, वर पुन्हा तुपाची धार. मन भरेल इतके, निदान दोन दिवस. ती अंथरुणावर पडल्या पडल्या त्या डबीवरून बोट फिरवत राहिली. आत एवढंसं पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या अलीकडं ती होती, पलीकडं ती जुनी भूक. भुकेला दोन दिवसांचा पाहुणचार कळत नाही. एकदा घरात घेतली की ती मुक्कामालाच येते, हे दीपालीइतकं कुणाला माहीत होतं?

शनिवारी ती गेली, कारण डॉक्टरांसमोरच काय ते होऊन जाऊ दे असं तिनं ठरवलं. अभय आधीच बोलायला लागला. "मॅडम, हिचं जरा सैल करून द्या. गावाला जायचंय, जेवणाचा कार्यक्रम आहे."

डॉक्टर उजमांनी चष्मा काढला. "पाणी काढतो आम्ही. घास अडकला, उलट्या थांबेनात, बाई गरोदर राहिली, तर काढतोच. पण जेवणावळीसाठी? ये तो पहली बार सुन रही हूँ." मग त्या दीपालीकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

गंमत बघा, हा प्रश्न त्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच विचारला गेला होता. आई म्हणाली ढिला कर, नवरा म्हणाला सैल कर, काका काय म्हणतील याचीही चर्चा झाली. पट्टा जिच्या पोटात होता ती कुणालाच आठवली नाही.

"मला नाही काढायचं," दीपाली म्हणाली. "जाड होते तेव्हा सगळ्यांनी माझ्या पोटावर तोंड टाकलं. आता हात घालायलेत. मी जेवीन तिथं, पण माझ्या घासानं जेवीन. कुणाला लाज वाटत असंल त्यानं ताटाकडं बघू नये."

अभयचे कान लाल झाले. घरी येईपर्यंत त्यानं गाडी रागानं दामटली, आणि दीपालीनंही त्याची समजूत काढली नाही. दर वेळी समजूत काढायचा मक्ता काय तिनं घेतला होता?

धोंड्याच्या दिवशी उन्हानं कहर केला होता. अंगणात पत्र्याचा मांडव, त्याखाली पंगत. नेमकी लाइट गेलेली, पंखे गप्प. जोडप्याला पाटावर बसवून ओवाळलं, वाण दिलं. राजाबाईनं लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, "केला का ढिला?" दीपालीनं मान हलवली. नाही. राजाबाईचं तोंड एवढंसं झालं.

एरवी बाया मागच्या पंगतीला बसतात, पण धोंड्याला लेक-जावई पहिल्याच पंगतीत. शेजारी अभय, पलीकडं वडील, आणि समोरच्या ओळीत बरोबर मधोमध पुंजाराम काका, फेटा सावरत. ताटं वाढून झाली तसा त्यांनी घसा खाकरला.

"ऐका रं समदे. आज पंगतीत लक्ष्मी-नारायण बसलेत. जोडपं उठल्याबिगर पंगत उठायची नाय. आपल्या घरचा कायदा हाय ह्यो." मग दीपालीकडं बघून मिशीत हसले. "आन दीपे, लई वाळली की गं. पर धोंडे बघून सुटंलच तोंड. बघू आज किती रिचवती!"

ओळीत हशा पिकला. अभय ताटात बघत राहिला. दीपालीनं काकांकडं नीट बघितलं. हसणारे तेच, मांडवही जवळपास तोच, आणि कायदा तर काकांनी आत्ता स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

"व्हय काका," ती म्हणाली. "कायदा म्हंजे कायदा."

तिनं ताटातला एक धोंडा फोडला. तळलेली पारी बाजूला काढली, पुरण वाटीत घेतलं, पिशवीतून आपला लहान चमचा काढला. चमच्याच्या टोकावर पुरण घेतलं आणि चावायला लागली. भोवती नुसता दंगा चालू होता. तूप वाढा, भजी आणा, येळवणीची आमटी इकडं. अभयनं चार धोंडे खाल्ले, आग्रहाचा पाचवा खाल्ला. समोर काकांनी किती खाल्ले ते कुणी मोजलं नाही. पुरुषांचं मोजायची पद्धत नसते.

ती चावत राहिली. आणि चावता चावता तिच्या ध्यानात आलं की पुरणात जायफळ आहे. गूळ किंचित करपवलेला आहे, मुद्दाम, त्यानं खमंगपणा येतो. इतकी वर्षं ती हेच पुरण खात आली होती आणि तिला हे ठाऊकच नव्हतं. गिळलेल्या घासाला कुठली आलीय चव? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ राग आला. हेसुद्धा तिच्याकडून चोरलंच गेलं होतं की!

हळूहळू आवाज थांबले. ताटं रिकामी झाली. एकेकानं दीपालीकडं बघितलं, मग काकांकडं बघितलं. कुणी उठेना. उठणार कसं? पत्रा तापलेला, माशा घोंगावायला लागलेल्या, तुपाचे हात वाळून चिकट झालेले. मागच्या पंगतीच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी एक गुडघा उचलला, मग दुसरा, पण मांडी काही केल्या सुटेना.

"झालं का गं दीपे?"

"जेवायले काका."

आणखी एक चमचा. आणखी चावणं.

"अगं, वाटीभर त्ये! लेकरं बी खात्यात तेवढं गपकन."

"लेकरांना शिकवावं लागतंय तसं खायला," दीपाली म्हणाली. "मला तुम्ही शिकवलं व्हतं. आता सोडलंय मी."

आता कुणी हसलं नाही. अभयनं तिच्या कोपराला हात लावला, "बास ना, चल," असं तोंडातल्या तोंडात म्हणाला. तिनं कोपर काढून घेतलं. दुसऱ्या ओळीतून कुणीतरी घड्याळ बघितलं. आणि काकांच्या डोक्याचा पारा चढला.

"ही काय थट्टा लावलीय का भावकीची? वीतभर पट्टा बांधून आली आन आम्हाला इथं वाळत घालायली! ऑपरेशनं करून नखरे शिकली. राजाबाई! उचल गं हिचं ताट!"

तेच शब्द, तोच आवाज. दीपालीच्या दंडाला आपोआप शहारा आला. स्वयंपाकघराच्या दारातून राजाबाई येताना तिला दिसली. डोक्यावर पदर, हात पिठाचे. लग्न होऊन आल्यापासून ही बाई थोरल्या दिरापुढं तोंड वर करून कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तरी दाराआडून, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून सांगायची. ती पंगतीच्या मधून चालत आली आणि दीपालीजवळ थांबली. दीपालीनं वाटी घट्ट धरली. आता दंडाला हात पडेल, तेव्हा पडला होता तसा. पडू दे. या खेपेला ती उठणार नव्हती.

राजाबाई वाकली. तिनं लेकीच्या वाटीत बघितलं. चार-पाच चमचे पुरण उरलं होतं. मग ती तिथंच, पाटाशेजारी, जमिनीवर बसली. पदरानं वाटीवरच्या माशा हाकलल्या.

"गोड झालंय का गं?" तिनं विचारलं.

"लई गोड झालंय माय. जायफळ घातलंस ना?"

"दर खेपेला घालते. तू कधी बोलली नाय."

"उठा रं," काकांनी फेटा सावरला आणि जमिनीला हात टेकला. "बायांच्या गप्पा ऐकाय बसायचं का आता?"

राजाबाईनं मान वर केली. डोक्यावरचा पदर मागं घसरला होता, तो तिनं सावरला नाही. सबंध भावकीसमोर, सरळ दिराच्या डोळ्यांत बघून ती बोलली.

"बसा खाली, भावजी. लेक जेवायलीय माझी."

पुंजाराम काकांचा टेकलेला हात जमिनीवर तसाच राहिला. मग ते बसले. दीपालीनं पुढचा चमचा घेतला आणि सावकाश चावायला लागली.